भात, पोळी, साबुदाणा आणि फुगलेलं पोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोट फुगलं की घरात पहिला संशय बटाट्यावर. मग भातावर, मग साबुदाण्यावर. या तिन्हींत स्टार्च भरपूर, म्हणून स्टार्च पचायला जड, असा हिशोब मांडला जातो. शरीरात काय घडतं ते पाहिलं तर हा हिशोब बऱ्याचदा चुकतो. नीट शिजलेला स्टार्च ही आपल्या जेवणातली सर्वांत सहज पचणारी गोष्ट म्हणावी लागेल. गॅस करणारा बहुधा त्याच ताटातला दुसराच कुणीतरी असतो. खालची बरीचशी उत्तरं त्या दुसऱ्याला शोधणारी आहेत.

स्टार्च म्हणजे नेमकं काय?

वनस्पती उन्हात तयार केलेला ग्लुकोज पुढच्या गरजेसाठी दाण्यात, कंदात, मुळात साठवते. तो साठा म्हणजे स्टार्च, शाळेच्या पुस्तकातला पिष्टमय पदार्थ. ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. त्यांतल्या सरळ साखळ्यांना अमायलोज म्हणतात आणि फांद्या फुटलेल्यांना अमायलोपेक्टिन. बहुतेक धान्यांत अमायलोज २० ते ३० टक्के असतं, बाकी अमायलोपेक्टिन. मोकळा होणाऱ्या तांदळात अमायलोज तुलनेने जास्त असतं, चिकट होणाऱ्यात कमी.

कच्च्या दाण्यात या साखळ्या कणांमध्ये घट्ट बांधलेल्या असतात. पाणी आणि साधारण ६० ते ८० अंश सेल्सियस उष्णता मिळाली की कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. मगच पाचकरस आत शिरू शकतात. कपड्यांची खळ शिजवताना पांढरं पाणी अचानक दाट आणि पारदर्शक होतं, तो हाच क्षण. कच्चा बटाटा पोटाला सोसत नाही आणि उकडलेला सोसतो, यामागचं मुख्य कारणही हेच.

मग तो पचतो कसा?

सुरुवात तोंडात होते. लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) साखळ्या तोडायला लागतं. भाताचा घास बराच वेळ चघळला की गोडसर लागतो तो त्यामुळे. जठरातलं आम्ल लाळेच्या अमायलेजला निकामी करतं, पण तेही लगेच नाही. गिळलेल्या घासाच्या आतपर्यंत आम्ल झिरपेपर्यंत तोडणी चालूच असते.

मोठं काम लहान आतड्याच्या सुरुवातीला होतं. स्वादुपिंड तिथे भरपूर अमायलेज सोडतं आणि लांब साखळ्यांचे दोन-तीन ग्लुकोजचे तुकडे होतात, शिवाय काही फांद्यांचे छोटे तुकडे उरतात. शेवटची तोड आतड्याच्या अस्तरावरच बसलेली विकरं करतात: माल्टेज-ग्लुकोअमायलेज आणि सुक्रेज-आयसोमाल्टेज. सुटा झालेला ग्लुकोज सोडियमच्या जोडीने पेशीत ओढला जातो. जुलाबात जलसंजीवनी देताना मीठ आणि साखर दोन्ही लागतात ते याच जोडीमुळे, नुसत्या साखरेच्या पाण्याने भागत नाही.

लाळेत अमायलेज किती, हे माणसागणिक बदलतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुणाकडे कमी, कुणाकडे जास्त असतात. पिढ्यानपिढ्या स्टार्च भरपूर खाणाऱ्या समाजांत या प्रती सरासरीने जास्त आढळतात, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं. पण लाळेचं अमायलेज कमी असलं म्हणून पोट फुगतं असं समजू नका. स्वादुपिंडाचं अमायलेज पुरून उरतं.

सगळं पचत असेल तर गॅस कुठून येतो?

सगळं पचत नाही. जे लहान आतड्यात तुटत नाही ते पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथे अब्जावधी जिवाणू असतात आणि आपल्याला न पचलेलं त्यांना चालतं. ते त्याचं किण्वन करतात, म्हणजे ते आंबवतात. त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, काहींच्या पोटात मिथेनही होतो. या वायूंना वास नसतो. वास येतो तो अगदी अल्प प्रमाणातल्या गंधकयुक्त वायूंचा.

याच किण्वनातून ब्युटिरेटसारखी छोटी स्निग्धाम्लंही मिळतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यांवर जगतात. म्हणजे थोडा गॅस हा आतडं धडधाकट असल्याचा भाग आहे. निरोगी माणूस दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर वायू बाहेर सोडतो, वीसेक वेळा सोडला तरी ते सर्वसामान्यच. चारचौघांत हे कुणी बोलत नाही, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की आपल्यालाच जास्त होतो.

कोणतं धान्य जास्त गॅस करतं?

मानवी पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत. श्वासात तो सापडला तर तो आतड्यातल्या जिवाणूंचाच, तिथून रक्तात आणि रक्तातून फुफ्फुसात आलेला. हे सूत्र धरून अमेरिकेतल्या मिनिआपोलिस इथले डॉक्टर मायकेल लेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात लोकांना वेगवेगळ्या पिठांचे पदार्थ खायला घातले आणि श्वासातला हायड्रोजन मोजला. गहू, मका, बटाटा, ओट या सगळ्यांनी हायड्रोजन वाढला. तांदळाच्या पिठाने जवळजवळ वाढलाच नाही. तांदळाचा स्टार्च लहान आतड्यातच जवळपास पूर्ण शोषला गेला होता.

तेव्हा पोट बिघडलं की आजी मऊ भात नाहीतर पेज द्यायची, ते बरोबरच होतं. ‘भाताने गॅस होतो’ हे मात्र सहसा खरं नसतं. भातासोबत ताटात काय होतं ते आधी आठवून पाहा.

पोळीने फुगतं, भाकरीने नाही. असं का?

गव्हात स्टार्चच्या जोडीला फ्रुक्टान असतात, म्हणजे फ्रुक्टोजच्या साखळ्या. त्या तोडणारं विकर माणसाकडे नाहीच, कुणाकडेही नाही. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात. मैद्यातही फ्रुक्टान असतात, त्यामुळे पोळी सोडून पाव धरला तर काही हाती लागत नाही. गव्हाच्या स्टार्चचा थोडा भाग ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनाच्या जाळ्यात अडकून न पचता पुढे जातो, तेही एक कारण.

ज्वारीत फ्रुक्टान फारच कमी. तिचा स्टार्च तिच्यातल्या प्रथिनांमुळे जरा सावकाश पचतो, पण बहुतेकांना भाकरी सोसते. पोळीने त्रास होतो असं वाटत असेल तर दोन आठवडे रात्रीच्या जेवणात भाकरी किंवा भात घेऊन बघा. फरक पडला तरी लगेच ‘मला ग्लुटेन चालत नाही’ असं ठरवू नका, दोष फ्रुक्टानचा असण्याची शक्यता मोठी. ग्लुटेनच्या तपासणीबद्दल अगदी शेवटी लिहिलं आहे, ते गहू बंद करण्याआधी वाचा.

साबुदाण्याची खिचडी खाल्ली की पोट दगड होतं. साबुदाणा पचायला जड आहे ना?

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ शुद्ध स्टार्च. प्रथिनं नावाला, तंतू नगण्य. नीट भिजलेला आणि शिजलेला साबुदाणा उलट झपाट्याने पचतो, इतका की मधुमेहींची साखर चढते. जड असते ती खिचडी. तिच्यात दाण्याचं कूट असतं, आणि शेंगदाण्यात निम्मं वजन तेलाचं. वर तूप, बटाटा, शेजारी तळलेली मिरची. चरबीमुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि तो भरलेपणा आपण ‘गॅस’ म्हणून सांगतो. त्यात ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही. सकाळपासून नुसत्या चहावर राहून दुपारी परातभर खिचडी खाल्ली तर कोणतंही पोट कुरकुरेल.

भिजवण्यात कसूर झाली तर साबुदाणा खरोखर बाधू शकतो. दाणा बोटांत दाबल्यावर मधे कडक पांढरा ठिपका राहत असेल तर तिथला स्टार्च नीट शिजणार नाही आणि तो न पचता पुढे जाईल.

उपवासाच्या इतर पदार्थांत रताळ्यावर लक्ष ठेवा. त्यात मॅनिटॉल नावाची साखर-अल्कोहोल असते, जास्त रताळी खाल्ली की काहींना नक्की त्रास होतो. कच्च्या केळ्यातला स्टार्चही चिवट. भगरीचं म्हणाल तर ती तांदळासारखीच हलकी, पण जुनाट, दमट, बुरशी धरलेल्या भगरीच्या पिठाने विषबाधा होते. भगर खाऊन चक्कर, थरथर, उलट्या झाल्या तर त्याला गॅस समजून ओवा चावत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

कांदेपोह्यांनी का फुगतं? पोहे तर हलके म्हणतात.

पोहे हलकेच आहेत, ते तांदळाचे. फ्रुक्टान आहेत ते कांद्यात, आणि गव्हापेक्षा वजनाच्या मानाने जास्त. लसणात त्याहूनही जास्त.

आपल्या स्वयंपाकाला सोयीची एक गोष्ट इथे आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. अख्ख्या लसूण पाकळ्या फोडणीच्या तेलात तांबूस परतून काढून टाकल्या तर स्वाद तेलात राहतो आणि फ्रुक्टान पाकळीबरोबर जातात. आमटीत लसूण उकळून नंतर काढला तर मात्र उपयोग नाही, तोवर ते रसात उतरलेले असतात. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग वापरता येतो.

मिसळीचा वेगळा प्रश्न मी ठेवलेला नाही, कारण तिच्यात सगळेच गुन्हेगार एकत्र आहेत: मटकी, कांदा, लसूण, गव्हाचा पाव आणि वर तर्रीचं तेल. मिसळीने फुगलेल्या पोटाचा दोष बटाट्याच्या दोन फोडींवर ढकलणं अन्यायाचं आहे.

कडधान्यांचं काय? भिजवलेलं पाणी फेकावं का?

फेकावं. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा गटातल्या साखरा असतात. त्या तोडायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेज लागतं आणि तेही आपल्या आतड्यात नसतं. म्हणून हरभरा, राजमा, वाल, चवळी बहुतेक सगळ्यांनाच कमी-अधिक बाधतात. या साखरा पाण्यात उतरतात. आठ ते बारा तास भिजवून पाणी ओतलं, शिजवायला ताजं घेतलं की त्यांतल्या काही जातात. थोडी जीवनसत्त्वंही जातात, पण त्या पाण्यासाठी रात्र तळमळण्यात अर्थ नाही.

मोड आणण्याचा फायदा याहून मोठा. अंकुर फुटताना दाणा स्वतःच या साखरा खर्च करतो. मटकीला, वालाला मोड आणून उसळ करण्याची आपली पद्धत पोटाच्या बाजूची आहे. एवढं करूनही सोसत नसेल तर सोललेल्या मुगाच्या डाळीचं वरण घ्या. आणि नव्याने कडधान्यं वाढवायची असतील तर आठवड्याला थोडी थोडी वाढवा, जिवाणूंनाही सवय व्हायला वेळ लागतो.

शिळा भात, फ्रिजमधला बटाटा जास्त गॅस करतो का?

थोडा जास्त करू शकतो. शिजलेला स्टार्च गार होताना अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात आणि विकरांना दाद देत नाहीत. याला प्रतिरोधक स्टार्च म्हणतात. परत गरम केला तरी त्यातला काही भाग तसाच राहतो. ‘भात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, साखर वाढणार नाही’ हा सल्ला समाजमाध्यमांवर फिरतो त्यात तथ्य आहे, पण चिमूटभर. त्या भरवशावर मधुमेहीने दुप्पट भात खाऊ नये.

भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं उलटी करवणारं विष फोडणीच्या आचेलाही जुमानत नाही. तास-दोन तासांत भात फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

जेवल्या जेवल्या पोट फुगतं. इतक्या लवकर किण्वन होतं?

नाही. घास मोठ्या आतड्यापर्यंत पोचायलाच काही तास जातात. म्हणून फुगण्याची वेळ लिहून ठेवणं हा सर्वांत स्वस्त तपास आहे. दुपारचं जेवण आणि फुगणं संध्याकाळी, तर किण्वनाचा संशय रास्त. ताटावरून उठता उठता फुगलं तर कारणं वेगळी: भराभर खाताना गिळलेली हवा, सोड्याची बाटली, ताणलेलं जठर, किंवा आधीच्या जेवणाचा माल पुढे सरकत नाही असं बद्धकोष्ठ.

आणखी एक कारण फारसं कुणाला ठाऊक नसतं. बार्सिलोनातल्या संशोधकांनी पोट फुगलेलं असताना सीटी स्कॅन करून आतला वायू मोजला. पुष्कळ रुग्णांत तो नेहमीपेक्षा फार जास्त नव्हता. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, खाली ढकललं जात होतं आणि पोटाचे स्नायू सैल पडत होते, त्यामुळे पोट पुढे येत होतं. अशांना कितीही पथ्य केलं तरी उतार पडत नाही. पोटाने सावकाश श्वास घेण्याचं प्रशिक्षण त्यांना जास्त उपयोगी पडतं.

प्रथिनं आणि स्टार्च एकत्र खाऊ नयेत हे खरं का?

नाही. स्वादुपिंड स्टार्च, प्रथिनं आणि चरबी या तिघांची विकरं एकाच रसात सोडतं. डाळीच्या एका दाण्यात तर स्टार्च आणि प्रथिनं निसर्गानेच एकत्र घातली आहेत. वरण-भात निर्धास्त खा.

मेडिकलमधलं पाचक सिरप घेऊ का?

बाटलीवर बारीक अक्षरात बहुधा ‘फंगल डायस्टेज’ आणि ‘पेप्सिन’ लिहिलेलं असतं. डायस्टेज म्हणजे बुरशीपासून काढलेलं अमायलेज. १८३३ मध्ये फ्रान्समध्ये पायेन आणि पेर्सो यांनी माल्टमधून डायस्टेज वेगळं केलं, शास्त्राला सापडलेलं ते पहिलं विकर. इतिहास मानाचा आहे, पण स्वादुपिंड ठीक असेल तर तुमच्याकडे अमायलेजची टंचाई नाहीच. ज्या फ्रुक्टानने गॅस होतो त्यावर डायस्टेज काही करत नाही. स्वादुपिंडाला जुना आजार असेल तर विकरं लागतात, पण ती वेगळी, डॉक्टरांनी मोजून दिलेली. कडधान्यांसाठी अल्फा-गॅलॅक्टोसिडेजच्या गोळ्या मिळतात, त्यांना मात्र आधार आहे.

ओवा, हिंग, खाण्याचा सोडा?

ओव्यात थायमॉल असतं, आतड्याचे स्नायू सैलावायला त्याची मदत होत असावी. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलचा पुरावा याहून भक्कम आहे. हिंगाने चव येते आणि बऱ्याच जणांना बरंही वाटतं, जरूर घाला. बाजारातला बांधानी हिंग बहुधा मैदा किंवा डिंक मिसळलेला असतो, गहू पूर्ण वर्ज्य असलेल्यांनी डबीवरचे घटक वाचावेत. सोडा किंवा फसफसणारी पावडर जठरातल्या आम्लाशी मिळून नवा कार्बन डायऑक्साइड तयार करते. मोठी ढेकर येते, सुटल्यासारखं वाटतं. मोठ्या आतड्यातला वायू जागच्या जागी राहतो.

त्यापेक्षा शतपावली करा. हलकी हालचाल आणि उभं राहणं याने वायू पुढे सरकतो, आडवं पडल्यावर तो रेंगाळतो, हे मोजून दाखवलेलं आहे.

मधुमेहाची गोळी सुरू झाल्यापासून गॅस वाढला. संबंध आहे का?

बहुधा आहे. व्होग्लिबोज आणि अकार्बोज या औषधांचं कामच मुळी आतड्याच्या अस्तरावरची, वर सांगितलेली शेवटची विकरं अडवणं हे आहे. साखर हळू वाढते, पण न तुटलेला स्टार्च जिवाणूंच्या वाट्याला जातो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीनेही पोट बिघडतं, ते वेगळ्या कारणांनी. गोळी परस्पर बंद करू नका. डोस हळूहळू वाढवणं किंवा मेटफॉर्मिनचा सावकाश विरघळणारा प्रकार देणं असे मार्ग डॉक्टरांकडे असतात.

कोणत्या लक्षणांवर घरगुती उपाय थांबवावेत?

वजन आपोआप घटणं, शौचातून रक्त, रक्तक्षय, वारंवार उलट्या, ताप, रात्री झोपेतून उठवणारी दुखणी. पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे एखाद्या बाईचं पोट नव्यानेच सतत फुगलेलं राहू लागलं तर बीजाशयाची तपासणी टाळू नये. घरातल्या बायका ‘वयामुळे असेल’ म्हणून हे महिनोन्‌महिने अंगावर काढतात. आणि पोट फुगून तीव्र दुखतंय, वायूही सुटत नाही, शौचही नाही, तर ती आणीबाणी आहे, त्याच तासाला रुग्णालय.

नेमका कोणता पदार्थ बाधतो हे शोधायचं कसं? गहू बंद करून पाहू?

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलेली पद्धत आज सर्वांत जास्त वापरली जाते. फ्रुक्टान, कडधान्यांतल्या साखरा, लॅक्टोज ही दुधातली साखर, जास्तीचा फ्रुक्टोज, मॅनिटॉलसारखी साखर-अल्कोहोलं हे सगळं दोन ते सहा आठवडे कमी करायचं, मग एकेक गट परत आणून कशाने फुगतं ते पाहायचं. परत आणण्याचा टप्पा लोक गाळतात आणि वर्षभर कांदा, लसूण, पोळी, उसळ काही न खाता राहतात. त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू उपाशी राहतात आणि आहार लंगडा होतो. शक्य असेल तर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा. एकट्याने करायचं असेल तर एका वेळी एकच गट बदला. सुरुवात दुधापासून केली तरी चालेल, कारण आपल्याकडे मोठेपणी लॅक्टोज न पचणारे पुष्कळ आहेत आणि दिवसाचे चार-पाच दुधाचे चहा हिशोबात धरलेच जात नाहीत.

गव्हाबाबत क्रम महत्त्वाचा. सिलिअॅक रोगाची, म्हणजे ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते त्या आजाराची, शंका असेल तर टीटीजी ही रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. आधी गहू सोडला तर ही तपासणी शोधते ती रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) खाली येतात आणि आजार असूनही अहवाल साफ येऊ शकतो. तपासणी आधी, प्रयोग नंतर.